वेणी न येणाऱ्या आईच्या मुलीचे केस वाढले आहेत, मदत करा

बॉयकट (रविवार, रात्री १०:१२)

मला वेणी घालता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे प्रश्न बाळबोध वाटले तरी कुणी हसणार नाही. लहानपणापासून माझे केस कानाच्या वर. आईला वेळ नव्हता आणि मला हौस नव्हती, त्यामुळे आमचं छान जमलं. आता लेक सात वर्षांची आहे आणि तिला केस वाढवायचे होते. वाढवले. खांद्याखाली चार बोटं आलेत. दाट, सरळ आणि भयंकर गुळगुळीत. चाप लावला की दहा मिनिटांत गालावर लोंबतो.

साधी तिपेडी वेणी व्हिडिओ बघून शिकले. म्हणजे वेणी होते, पण दुपारी शाळेतून येते तेव्हा अर्धी सुटलेली असते. सागरवेणी तीनदा करून बघितली. तिन्ही वेळा अर्ध्यावर आल्यावर कुठला पेड कुठे होता हेच विसरले आणि सगळं सोडून दिलं. व्हिडिओतल्या बायकांना चार हात असावेत असं माझं मत झालंय.

सकाळी माझ्याकडे बारा मिनिटं असतात, त्यातली चार ती रडण्यात घालवते. विंचरायला घेतलं की रडते, वेणीला नाही. मला घरच्या घरी जमतील अशा दोन-तीन वेण्या हव्यात. संध्याकाळपर्यंत टिकतील अशा. आणि सागरवेणी मला यायलाच हवी, कारण तिच्या वर्गातल्या सगळ्यांना येते असं तिचं म्हणणं आहे. (म्हणजे सगळ्यांच्या आयांना.)

---

गुंतावळ (रविवार, रात्री १०:४०)

आधी रडण्याचं बघू. वेणी नंतर.

टाळूपासून खाली कंगवा ओढत असाल तर सगळ्या छोट्या गाठी खाली ढकलल्या जाऊन एक मोठी गाठ होते आणि ती ओढली जाते. उलट करा. टोकाकडचे चार बोटं केस आधी सोडवा, मग त्याच्या वरचे चार बोटं, असं करत टाळूकडे या. आणि जिथे विंचरताय त्याच्या वर केस मुठीत घट्ट धरा. ओढ तुमच्या मुठीला बसते, तिच्या डोक्याला नाही. एवढ्याने निम्मं रडणं थांबतं. रुंद दातांचा कंगवा घ्या, बारीक दातांची फणी फक्त भांग पाडायला.

दुसरं, रात्री झोपताना सैल वेणी घालून ठेवा. वाकडीतिकडी आली तरी चालेल, कुणी बघत नाही. सकाळी गुंता नसतोच. तुम्हाला रोज सरावही होईल.

---

शेपटा (रविवार, रात्री १०:५८)

गुंतावळ यांना अनुमोदन. आणि तुमचं नाव फार आवडलं.

---

आज्जीबाई (सोमवार, सकाळी ६:०५)

बॉयकट, पेड विसरतेस कारण तू पेड लक्षात ठेवायला बघतेस. ते लक्षात ठेवायचे नसतात गं. हात सांगतात.

तीन पेड दोन हातांत असतात. म्हणजे कायम एका हातात दोन आणि एका हातात एक. ज्या हातात दोन आहेत, त्यातला बाहेरचा पेड मधल्यावरून टाकायचा आणि दुसऱ्या हातात द्यायचा. झालं. आता त्या दुसऱ्या हातात दोन झाले, तर त्यातला बाहेरचा. फोन वाजला, दूध उतू गेलं, पोरगी शिंकली, काहीही झालं तरी परत आल्यावर बघायचं की दोन कुठल्या हातात आहेत. पुढचा पेड तिथूनच.

मी तीन मुली आणि पाच नातींच्या वेण्या घातल्यात. आता अंगठे दुखतात म्हणून धाकट्या नातीला फक्त पोनी बांधून देते, पण रीत हीच.

---

बॉयकट (सोमवार, सकाळी ६:३१)

आज्जी!! हे मला एकाही व्हिडिओत कुणी सांगितलं नाही. आत्ता स्वयंपाकघरातल्या नाडीवर करून बघितलं. जमतंय.

---

सहापेडी (सोमवार, सकाळी ९:१५)

आज्जींचा नियम गणिती दृष्टीनेही सुरेख आहे. मी गणित शिकवतो, वेणी कधी घातली नाही, तरी एक सुचवतो.

मुलीच्या डोक्यावर सराव करू नका. तीन वेगळ्या रंगांच्या लोकरी दाराच्या कडीला बांधा. समजा डावीकडून लाल, पिवळा, निळा. उजवा मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून, असं सहा वेळा केलंत की रंग पुन्हा लाल, पिवळा, निळा याच क्रमाने येतात. सहाव्याला क्रम जुळला नाही तर मध्ये कुठेतरी एकाच बाजूने दोनदा पेड टाकलाय. तपासायला यापेक्षा सोपं काही नाही.

अवांतर: वेण्यांचं खरंच गणित आहे. एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ साली त्यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. धागे कुणावरून गेले, कुणाखालून गेले याचा हिशोब मांडण्याची ती पद्धत पुढे गणिताच्या आणि पदार्थविज्ञानाच्या बऱ्याच शाखांत पोचली. केस मात्र कुठेच नाहीत त्यात.

---

चापूनचोपून (सोमवार, दुपारी १:२०)

मला इथले सल्ले फार मऊ वाटतायत. वेणी टिकत नाही याचं कारण एकच, ती सैल असते. तेल लावायचं, चापूनचोपून विंचरायचं आणि घट्ट वेणी घालायची. आमच्या वेण्या दुसऱ्या दिवशीपर्यंत हलत नसत. भुवया जरा वर गेल्यासारख्या वाटायच्या, पण केस एकही बाहेर नाही.

---

निवांत (सोमवार, दुपारी २:०२)

चापूनचोपून, त्या वर गेलेल्या भुवयांवर मला बोलायचंय.

माझ्या वेण्याही अशाच असत, आठवीपर्यंत रोज. आज माझ्या कानशिलांवर दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची जागा विरळ आहे. तिथले केस परत आले नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की केसांच्या मुळांना वर्षानुवर्षं ओढ बसली की असं होतं. याची नोंद १९०७ सालीच झाली होती, ग्रीनलंडमधल्या स्त्रियांच्या घट्ट ओढून बांधलेल्या केसांवरून. म्हणजे नवं काही नाही. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. फार वर्षं गेली की मूळच मरतं.

म्हणून खुणा सांगते. वेणी घातल्यावर डोकं दुखणं, भुवया उचलल्यावर कपाळाच्या कडेला ताण जाणवणं, केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येणं, कपाळापाशी तुटके आखूड केस दिसणं. यातलं काहीही दिसलं तर वेणी सोडायची, संध्याकाळची वाट बघायची नाही. मुलगी 'दुखतंय' म्हणाली की तिला नखरे करतेस म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

---

चापूनचोपून (सोमवार, दुपारी २:३०)

हे मला माहीत नव्हतं. पण मग वेणी टिकवायची कशी? मऊपणाने?

---

गुंतावळ (सोमवार, दुपारी ३:४५)

वेणी घट्ट कुठे हवी हा प्रश्न आहे. टाळूपाशी नाही, पेडात. पहिल्या दोन-तीन गुंफणी हलक्या हाताने घ्यायच्या, मानेच्या खाली उतरलात की मग पेड ताणून घट्ट गुंफायचे. तिथे ओढ केसाला केसाचीच बसते, मुळाला नाही. बहुतेक जणी नेमकं उलट करतात. वर ताणून ताणून बांधतात आणि खाली आल्यावर हात दुखतात म्हणून ढिलं सोडतात. मग वेणी खालून सुटते आणि आपण म्हणतो, वरून अजून घट्ट घालायला हवी होती.

गुळगुळीत केसांचं म्हणाल तर नुकतेच धुतलेले केस सर्वात वाईट. हातातून निसटतात. केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी वेणी जास्त चांगली बसते. धुतलेल्याच दिवशी घालायची असेल तर फवाऱ्याच्या बाटलीतून पाणी मारा, दमट होतील एवढंच, ओले नाहीत. ओला केस ताणला की कोरड्यापेक्षा बराच जास्त लांबतो आणि सहज तुटतो. शिवाय ओल्यात घट्ट वेणी घातलीत की वाळताना अजून आवळते. दिवसभर ओली बांधलेली वेणी संध्याकाळी सोडून वास घेऊन बघा एकदा. नको, घेऊ नका.

तेल हवं तर तळव्यावर दोन-तीन थेंब, आणि ते वेणी झाल्यावर वरून फिरवायचं, उडणारे केस बसवायला. आधी चोपडलंत तर सरळ केसांचे पेड आणखी घसरतात.

---

कुरळी (सोमवार, संध्याकाळी ७:१०)

कुरळे केस असणाऱ्यांसाठी यातलं निम्मं उलटं आहे हे नोंदवून ठेवते. माझ्या मुलीचे केस स्प्रिंगसारखे आहेत. कोरडे विंचरायचेच नाहीत. कंडिशनर लावून, ओले असतानाच, आधी बोटांनी आणि मग रुंद कंगव्याने सोडवायचे. आमच्या वेण्या सुटत नाहीत, रबर नसला तरी टोकाला आपोआप अडकून राहतात. त्रास वेगळा आहे, भांग सरळ पडत नाही आणि केस ओले असताना जेवढे लांब दिसतात त्याच्या निम्मे वाळल्यावर उरतात. म्हणून ओल्यात वेणी घालताना हात जास्तच हलका ठेवायचा.

---

बॉयकट (बुधवार, रात्री ९:५०)

लोकरीवर दोन दिवस सराव केला. सहाव्याला रंग जुळतात! पहिल्यांदा जुळले तेव्हा मी ओरडले आणि नवरा धावत आला. त्याला दाखवलं, तो म्हणाला बरं.

लेकीची साधी वेणी आता संध्याकाळपर्यंत टिकते. टोकाकडून विंचरल्यामुळे रडणं चार मिनिटांवरून एका मिनिटावर आलंय आणि ते एक मिनिट निव्वळ सवयीचं आहे. रात्रीची सैल वेणीही चालू केलीय.

आता सागरवेणी. कृपया जिला खरंच येते तिनेच, आणि पहिलीच्या मुलाला सांगतात तसं सांगा.

---

शेपटा (बुधवार, रात्री १०:२५)

मी सांगते. साधी वेणी येते ना? मग सागरवेणीत नवीन गोष्ट एकच आहे: पेड मध्ये टाकण्याआधी त्यात त्याच बाजूचे थोडे केस मिळवायचे.

कपाळावरून कंगव्याच्या टोकाने एक छोटा त्रिकोण काढा, दोन भुवयांमधल्या अंतरापेक्षा थोडा मोठा. त्याचे तीन पेड करा. एक उजवीकडून, एक डावीकडून अशी साधी गुंफण घाला, काही न मिळवता. आता खरी सुरुवात. उजवा पेड मध्ये टाकायच्या आधी उजव्या कानाच्या बाजूने एक बारीक बट उचला, ती त्या पेडातच मिसळा आणि मग मध्ये टाका. डावीकडेही तसंच. दोन्हीकडचे केस संपेपर्यंत. मानेपाशी आलात की मिळवायला काही उरत नाही, तिथून साधी वेणी.

बट करंगळीने उचला. व्हिडिओतल्या बायकांना चार हात नसतात, त्यांना करंगळी वापरायची सवय असते. आंगठा आणि पहिलं बोट पेड धरून ठेवतात, ते सोडायचेच नाहीत.

बट अगदी भांगापासून कानापर्यंतची पूर्ण रेघ असावी. अर्धीच उचललीत तर मागून फुगा दिसतो. आणि दोन्हीकडच्या बटा साधारण सारख्या जाडीच्या, नाहीतर वेणी एका बाजूला वाहत जाते. माझी अजूनही डावीकडे जाते, कारण मी उजवी आहे आणि उजव्या हाताला हावरटपणाने जास्त केस उचलायची सवय आहे.

हात डोक्याला टेकलेले ठेवा. हात मागे, हवेत गेले की वेणी डोक्यापासून सुटून लोंबते.

---

सहापेडी (बुधवार, रात्री १०:४१)

म्हणजे बट मिळवून मग टाकायची, टाकून मग मिळवायची नाही?

---

शेपटा (बुधवार, रात्री १०:४४)

दोन्ही चालतं, पण आधी मिळवून टाकलं की पकड कमी सुटते. तुम्ही का विचारताय? :)

---

सहापेडी (बुधवार, रात्री १०:४६)

भाचीने विचारलंय, मामा येते का म्हणून.

---

बॉयकट (शनिवार, सकाळी ११:३०)

झाली!! पहिली सागरवेणी झाली. पंचवीस मिनिटं लागली, लेकीने दोन गोष्टी ऐकल्या आणि एक केळं खाल्लं. पुढून आणि वरून अगदी छान दिसते. पण मानेपाशी एक पिशवी तयार झालीय. डोकं हलवलं की लटकते. तिथे मी घट्टच धरलं होतं, शपथ. मग का?

---

आज्जीबाई (शनिवार, दुपारी १२:०५)

तिने मान खाली घातली होती का?

---

बॉयकट (शनिवार, दुपारी १२:०७)

हो! मीच सांगितलं खाली घाल म्हणून. नीट दिसावं यासाठी.

---

आज्जीबाई (शनिवार, दुपारी १२:२०)

तेच. मान खाली घातली की मानेवरची जागा लांबते. तेवढ्या लांब जागेवर तू वेणी बसवलीस. तिने मान वर केली, जागा आखूड झाली, वेणी तेवढीच राहिली. ती उरलेली वेणी म्हणजे तुझी पिशवी.

टाळू होईपर्यंत कशीही बसू दे. मानेपाशी आलीस की तिला समोर बघायला सांग, उलट हनुवटी जराशी वर. आणि तू वाक. तिला उंच स्टुलावर बसवशील तर तुझी कंबरही वाचेल.

---

गुंतावळ (शनिवार, दुपारी १२:३३)

इतकी वर्षं ही पिशवी मी पिना लावून दाबत होते. आज्जी, नमस्कार.

---

अर्धवट_वेणी (शनिवार, दुपारी ४:१५)

मी तेरा वर्षांची आहे, आईच्या परवानगीने लिहितेय. मी माझी मीच सागरवेणी घालते. सगळे म्हणतात आरशात बघून घाल, पण मला आरशात उलटंपालटं होतं. मी डोळे मिटून घालते. बोटांना कळतं. हात दुखतात ते खरं, मी टेबलावर कोपरं टेकवते आणि मान थोडी मागे टाकते. मानेखाली आल्यावर वेणी खांद्यावरून पुढे घ्यायची आणि उरलेली पुढे बघत संपवायची.

बॉयकट काकू, तुमच्या मुलीला रबर धरायला द्या. माझ्या लहान बहिणीला मी रबर आणि पिना हातात देते आणि 'पुढचा दे' म्हणते. तिला वाटतं तीच मदत करतेय. मग हलत नाही.

---

शेपटा (शनिवार, दुपारी ४:५०)

तेरा वर्षांची आणि माझ्यापेक्षा शहाणी. छान लिहिलंस गं.

---

चापूनचोपून (रविवार, सकाळी १०:००)

निवांत यांचं वाचल्यापासून नातीच्या वेण्या मी सैल घालतेय. तिने विचारलं, आजी बरं नाही का.

एक प्रश्न. रोज सागरवेणी शक्य नाही. घाईच्या दिवशी काय? आणि खजुरी वेणी कशी घालतात? नातीला हवी आहे.

---

गुंतावळ (रविवार, सकाळी ११:४०)

घाईच्या दिवशी पीळ. दोन पेड घ्यायचे, प्रत्येक पेड वेगवेगळा उजवीकडे पिळायचा आणि मग दोघांना एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचं. पिळायचं एका दिशेला, गुंडाळायचं विरुद्ध दिशेला, ही एवढी एकच अट. एकाच दिशेने दोन्ही केलंत तर रबर सोडल्यासोडल्या उलगडतं. विरुद्ध असलं की दोन्ही पीळ एकमेकांना अडवून ठेवतात, दोरखंडात असतं तसंच. दोन मिनिटांचं काम.

त्याहून घाई असेल तर फुग्यांची वेणी. पोनी बांधायची, दोन इंच खाली दुसरा रबर, मग त्याच्याखाली तिसरा. प्रत्येक दोन रबरांमधले केस बोटांनी हलकेच ओढून फुगवायचे. यात गुंफण नाहीच, पण मुलींना हीच जास्त आवडते. लहान मुलींच्या पातळ केसांना तर ही उत्तम, तिपेडी वेणी शेपटीसारखी बारीक दिसते, ही भरगच्च दिसते. रबर मात्र कापड गुंडाळलेले घ्या किंवा ते छोटे पारदर्शक. पारदर्शक काढताना ओढायचे नाहीत, छोट्या कात्रीने कापायचे, टोक केसांपासून बाहेरच्या बाजूला ठेवून. साधे पिवळे रबर बँड अजिबात नको, केस घेऊनच निघतात.

खजुरी: दोन भाग करायचे, तीन नाही. उजव्या भागाच्या बाहेरच्या कडेची बारीक बट काढून डाव्या भागात आतल्या बाजूला टाकायची. मग डाव्याच्या बाहेरच्या कडेची उजव्यात. बस. बट जितकी बारीक तितकी वेणी सुबक आणि तितका तुमचा जीव जातो. शाळेच्या सकाळी करू नका. गुळगुळीत केसांवर आधी पोनी बांधून मग घाला, नाहीतर दोन भाग हातात धरता धरता संध्याकाळ होते. ही वेणी मला दिसायला फार आवडते आणि घालायला मुळीच नाही.

---

निवांत (रविवार, दुपारी १२:१५)

फुग्यांची वेणी किंवा पोनी रोज एकाच जागी बांधू नका. आज वर, उद्या खाली, परवा बाजूला. भांगाचंही तेच. रोज एकाच रेघेवर ओढ बसू देऊ नये.

---

कुरळी (रविवार, दुपारी १:००)

कुणी उलटी सागरवेणी म्हणजे काय ते सांगितलं नाही. सगळं सागरवेणीसारखंच, फक्त पेड मधल्यावरून न टाकता मधल्याखालून न्यायचा. मग वेणी डोक्यात दबत नाही, वर उठून दिसते. झाल्यावर कडा बोटांनी जराशा ओढून चपट्या केल्या की दुप्पट जाड वाटते. पातळ केसांना ही करून बघा. आज्जींचा दोन-एक हातांचा नियम इथेही चालतो, फक्त 'वरून'च्या जागी 'खालून'.

पुढचे केस वाढत असतील आणि वेणीत पोचत नसतील तर कपाळाच्या कडेने एकतर्फी सागरवेणी घालायची. बटा फक्त कपाळाकडून मिळवायच्या, दुसरीकडून नाही. कानामागे नेऊन चापाने संपवायची. आखूड केसांच्या मुलींची हौसही याने भागते.

---

सहापेडी (रविवार, दुपारी २:२०)

पाचपेडी कुणी घालतं का? कागदावर काढून बघितलं. बाहेरचा पेड शेजारच्यावरून आणि त्याच्या पुढच्याखालून नेला की बरोबर मध्यभागी येतो. मग दुसऱ्या बाजूचा तसाच, वरून, खालून. लोकरीवर झाली. भाचीवर प्रयत्न केला. तिच्या मते मामाने आधी तीन शिकावेत.

---

आज्जीबाई (रविवार, दुपारी ३:००)

भाचीचं बरोबर आहे.

---

ढापणी (सोमवार, सकाळी ८:१०)

उशिरा आले. उवांचं कुणी काही बोललं नाही म्हणून. उवा उडी मारत नाहीत, चालत जातात, आणि एका डोक्याचे केस दुसऱ्या डोक्याला लागले की जातात. मोकळ्या केसांपेक्षा वेणी बरी ती एवढ्यासाठी. पण वेणी घातली म्हणजे होणारच नाहीत असं नाही. वेणी घालताना रोज कानामागे आणि मानेपाशी बघायची सवय लावून घ्या, लिखा तिथेच, टाळूच्या अगदी जवळ चिकटलेल्या असतात. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही. कंगवा, रबर ज्याचे त्याचे वेगळे.

---

बॉयकट (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०)

धागा वर काढतेय, क्षमस्व.

सागरवेणी आता नऊ मिनिटांत होते. पिशवी नाही. डावीकडे वाहते, शेपटा यांच्यासारखीच. सोमवार-मंगळवार पीळ, बुधवारी फुगे, गुरुवारी सागरवेणी, शुक्रवारी ती सांगेल ते. शनिवार-रविवार केस मोकळे, निवांत यांच्या सांगण्यावरून. चौथीतल्या एका मुलीने तिला विचारलं म्हणे, तुझी वेणी कोण घालतं.

तिला आता कमरेपर्यंत केस हवेत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला बारा. टेपने मोजलं, कमरेला अजून चौतीस सेंटिमीटर कमी आहेत. जवळजवळ तीन वर्षं लागतील, मध्ये टोकं कापली तर जास्त. तिने तीन वर्षं म्हणजे किती सुट्ट्या ते विचारलं. सहापेडी सर, हे तुम्ही सांगा.

आणि आज दुपारी तिने मला खाली बसवलं. म्हणाली आता तुझी. माझे केस चार इंच आहेत. आधी फवाऱ्याने पाणी मारलं, मग टोकाकडून विंचरलं, वर मूठ घट्ट धरून, अगदी मी करते तसं. 'दुखलं तर सांग हं,' असंही म्हणाली. तीन वेण्या झाल्या, त्यातल्या दोन लगेच सुटल्या, एक कानाच्या वर आडवी उभी आहे. रात्रीपर्यंत काढायची नाही असा हुकूम आहे.

---

अर्धवट_वेणी (रविवार, रात्री ९:४१)

काकू फोटो टाका ना!!

---

चापूनचोपून (रविवार, रात्री ९:५५)

चार इंचांवर वेणी? रबर किती लागले?

---

बॉयकट (रविवार, रात्री १०:०२)

एकोणीस. सतरा निघाले, दोन अजून सापडत नाहीयेत.